सगळी बोट तपासणीला आली तेव्हा

विलासचे वर्षश्राद्ध आटोपून रोहिणी कराडहून बोईसरला परत निघाली, तेव्हा एसटी स्टँडवर मला म्हणाली, "ताई, एकदा येऊन जा. तो कुठे राहत होता, कुठे चहा प्यायचा, ते तरी बघाल."

विलास माझा धाकटा भाऊ, रोहिणी त्याची बायको. तो बोईसरच्या एका कारखान्यात होता. मी कराडच्या वाचनालयात पुस्तके लावण्यात आयुष्य घालवले, आणि समुद्र बहुतेक पुस्तकांतच पाहिला. बोलणे मला फारसे जमत नाही. तरी दिवाळीनंतर थंडी सुरू झाली तशी मी निघाले.

हे लिहून झाल्यावर रोहिणीला फोनवरून वाचून दाखवले. ती म्हणाली, "छापा खुशाल, पण माझं नाव बदला." कोणते ठेवू विचारले तर म्हणाली, "रोहिणी ठेवा. लहानपणी मला तेच हवं होतं, पण ते मावशीच्या मुलीला देऊन टाकलं." तेव्हा तिचे नाव रोहिणी. बाकीचीही नावे बदलली आहेत, आणि किनाऱ्यावरच्या गावाचे नाव तर मी लिहीतच नाही.

विलासला एचआयव्ही होता. ताप यायचा, खोकला जायचा नाही, वजन उतरत गेले. दर वेळी नव्या आजाराची औषधे झाली. रक्ताची ती एक तपासणी सगळ्यात शेवटी झाली, तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच आठवड्यात रोहिणीची झाली. विषाणू तिच्यातही निघाला, पण वेळेत निघाला. ती रोज एक गोळी घेते आणि माझ्याहून ठणठणीत आहे. आता ती एका संस्थेच्या गाडीतून वस्त्यावस्त्यांत जाते आणि लोकांची हीच तपासणी करते. दवाखान्यात येईल त्याची करायची, ही जुनी रीत. जो येत नाही त्याच्या दारात जायचे, हे तिचे काम.

सालवड

रोहिणीची खोली बोईसरला लागून असलेल्या सालवडमध्ये आहे. एका लांबलचक चाळीत ओळीने दारे, आणि प्रत्येक दारात वेगळे राज्य. डावीकडे बिहार, उजवीकडे ओडिशा, समोर लातूर. संध्याकाळी कारखान्यांकडून वारा आला की हवेला एक आंबूस, औषधी वास येतो. मी नाक दाबले तर रोहिणी हसली. "दोन दिवसांनी कळणारही नाही. विलास म्हणायचे, कराडला गेलं की हवेत काहीतरी कमी आहे असं वाटतं."

भिंतीवर विलासचा फोटो होता, पण त्याला हार नव्हता. "हार वाळला की दारातले सगळे विचारतात, नवा कधी," ती म्हणाली. "म्हणून काढून टाकला. नुसते हसतायत ते बरं आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चाळीमागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी राहिली. गाडी चालवणारे जयवंत पालघरचे, पन्नाशीचे, मिशाळ गृहस्थ. त्यांनी टेबल मांडले, आडपडदा बांधला. बघता बघता समोर गर्दी जमली. जमली म्हणजे अर्धवर्तुळ करून उभी राहिली. टेबलापासून सगळ्यांचे अंतर इतके सारखे होते, की कुणी दोरी धरून आखून दिले असावे.

"दीदी, खून निकालोगी तो ड्यूटी पे चक्कर आ जाएगा," एकजण मागून म्हणाला.

"मच्छर जितना पीता है उतना भी नहीं लेती," रोहिणी म्हणाली. "और मच्छर तो रिपोर्ट भी नहीं देता."

सगळे हसले, पण पुढे कुणी आले नाही. पहिला कोण, हाच प्रश्न होता. जो पहिला जाईल त्याला काहीतरी शंका असणार, असे बाकीचे धरून चालणार. मला ते नीट दिसत होते, कारण आमच्याकडे व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला पहिला हात कुणी वर करत नाही त्यातलाच हा प्रकार. मग माझे मलाच कळले नाही, मी उठले, चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

"अरे, अम्मा को काहे का?" मघाचाच आवाज.

"इसमें उमर नहीं पूछते," रोहिणी म्हणाली आणि माझे बोट धरले. टोचले ते खरोखरच मुंगी चावल्याएवढे. रक्ताचा एक थेंब तिने पट्टीवर सोडला. "एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर पालघरच्या सरकारी दवाखान्यात पक्की तपासणी, आणि लगेच गोळ्या सुरू." हे ती मला सांगत होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

पडद्याआड बसून वाट पाहताना मला वाटले नव्हते इतकी धाकधूक झाली. कशाची ते सांगता येणार नाही. एक रेघ आली. मी बाहेर आले तर तो चक्करवाला खुर्चीत बसला होता, आणि त्याच्या मागे रांग लागली होती. "अम्मा बच गई, अब हमारी बारी," तो म्हणाला. दुपारी त्यानेच त्याच्या खोलीतून आमच्यासाठी चोखा आणि गरम पोळ्या पाठवल्या. भाजलेल्या वांग्याचे भरीत आमच्याकडेही होते, पण त्यात कच्चे मोहरीचे तेल घालायचे धाडस कराडात कुणी करणार नाही. डोळ्यांतून पाणी आले. मी दुसऱ्यांदा घेतले.

मासवण

मंगळवारी मनोरच्या रस्त्याला मासवणकडे गेलो. कारखाने मागे पडले आणि भातकापणी झालेली शेते लागली. रस्त्याकडेने पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. इथली माणसे भात झोडून झाले की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला निघतात, म्हणून त्यांना त्याआधी गाठायचे होते.

जयवंतांनी मोठ्या हौसेने आपल्याच आवाजात एक घोषणा रेकॉर्ड करून आणली होती. शाळेपाशी गाडी थांबवून त्यांनी ती पूर्ण आवाजात लावली. "एचआयव्हीची मोफत तपासणी" हे शब्द समोरच्या डोंगरावर आपटून परत आले. विहिरीवरच्या बायका हंडे उचलून चालत्या झाल्या. दोन कोंबड्याही पळाल्या. शेवटी एक म्हातारी काठी टेकत गाडीपाशी आली आणि आत डोकावून म्हणाली, "काय इकायला आनलाय?"

"काही नाही आजी," रोहिणी म्हणाली.

"मंग एवढा ओरडतंय कशाला?"

जयवंतांचा चेहरा पडला. "आवाज खणखणीत आहे तुमचा," मी त्यांना म्हटले. "तोच तर घोटाळा झाला," ते म्हणाले.

रोहिणीने भोंगा बंद करवला आणि आजींचा रक्तदाब मोजायला घेतला. मग साखर. मग म्हणाली, "आजी, ह्याच थेंबात अजून एक बघू का?" तासाभरात आजींनी स्वतःच फिरून आवई उठवली, की गाडीतली बाय दाब बघते, साखर बघते, आन अजून काय काय बघते. बायका आल्या, पण चौघी-चौघींनी. "एकटी नाय येनार," त्यातली एक म्हणाली. "आमी चौघी जातो रोपनीला, चौघी जातो बाजारात. इथं एकटी कशाला?"

रोहिणीने ते मान डोलावून मान्य केले.

आजींच्या घरी उकडहंडी होती. कंद, शेंगा, वांगी आणि हिरवा मसाला मडक्यात भरायचा, तोंडाला पाला कोंबायचा, मडके उपडे ठेवून वरून जाळ करायचा. मडके उघडल्यावर जो वास सुटतो त्याच्याशी माझी तरी कुठल्या पुस्तकात गाठ पडली नव्हती. आमच्याकडे हुरड्याला शेतात जातात तसे इथे उकडहंडीला बोलावतात. जयवंतांनी एवढे खाल्ले की आजी म्हणाल्या, "बघ, ह्याचा भोंगा आता बंद."

किनाऱ्यावरचे गाव

पण मी गेले होते ते दिवस माझ्या मनात राहिले आहेत ते किनाऱ्यावरच्या एका गावामुळे.

तारापूरच्या बाजूला समुद्राला लागून ते वसले आहे. गावात शिरताना आधी वास भेटतो, मग बोंबील दिसतात. बांबूंच्या उंच मांडवांवर ओळीच्या ओळी, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, उन्हात चमकणारे. त्यांच्यामागे समुद्र, आणि चिखलात कलंडलेल्या बोटी भरतीची वाट बघणाऱ्या.

एका बोटीच्या मालकिणीचे घर रोहिणीच्या ओळखीचे होते. मालकीण भीमाबाय. तिचा नवरा हरेश्वर हा त्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा आणि बोटीवरच्या माणसांचा मुख्य. भीमाबाय ओट्यावर सुक्या मासळीच्या राशी निवडत होती. मला बघून म्हणाली, "ही कोन गो?"

"माझी नणंद."

"नणंद? आन तुझ्यासंगं हिंडते?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "माझी नणंद गल्लीच्या त्या टोकाला राहते. पाच वर्सांत माझ्या दारात पाय नाय ठेवला. बस बाय, तुला बघून बरा वाटला."

अंगणात काहीजण जाळे पसरून त्याचे फाटके भाग विणत बसले होते. त्यांच्यात कमळाकर होता. सगळे त्याला कमा म्हणत. तिशी-पस्तिशीचा असेल. त्याच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती इतकी मोकळी होती, की मी नजर काढून घेतली. विलासची कॉलर शेवटच्या वर्षात तशीच झाली होती.

रोहिणी त्याच्याशी आधी दोनदा बोलली होती. त्या दिवशी तो पाणी प्यायला घरामागे आला तेव्हा ती पुन्हा बोलली. मी तिथेच भांड्यांपाशी उभी होते, आणि माझी त्याला अडचण वाटली नाही.

"ताप येतो अजून?"

"येतो, जातो."

"मग चल ना. थेंबभर रक्त."

"बाय, मी एकटा तुज्या गाडीत चढलो तर अंधार पडायच्या आत गाव बोलंल. आमी बोटीवर एका ताटात जेवतो. तांडेलाच्या कानावर गेला तर तो मला उतरवंल. दुसरी बोट पन घेनार नाय. मंग काय करू, कारखान्यात जाऊ?" तो हसला. "मला जमिनीवर चक्कर येते."

परवा बोट निघणार होती. गेली की बरेच दिवस समुद्रात. परत येईल, पुन्हा जाईल. रोहिणी मला म्हणाली, "असंच करत करत सहा महिने जातात, ताई. तेवढ्यात काय होतं ते आपण बघितलंय."

कमाचे नाव तिला तांडेलापाशी काढता येत नव्हते. तिने संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला एवढेच विचारले, की सगळ्या खलाशांची तपासणी केली तर चालेल का. हरेश्वर तांडेल आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "माजी मानसं खाऱ्या वाऱ्यावरची हायत. त्यांना काय व्हत नाय." आणि विषय संपल्यासारखा समुद्राकडे पाहू लागला.

सूर्य बुडत होता. भीमाबायने चहा आणला. तेवढ्यात रोहिणीच्या फोनचा गजर वाजला. रोजच्या वेळेला तो वाजतो. एरवी ती उठून आत जाते. त्या दिवशी ती उठली नाही. तिने पिशवीतून डबी काढली, गोळी तोंडात टाकली आणि चहाचा घोट घेतला.

"कसली गोली?" तांडेलाने विचारले.

"हीच. एचआयव्हीची. माझ्या नवऱ्याचं कळलं तेव्हा वेळ गेली होती. माझं वेळेत कळलं. रोज ह्या वेळेला एक घेते. बस, एवढंच."

 मला माझ्या कपाची कडा दिसत होती, तिच्यावर एक टवका उडाला होता.

"आन तू इथं जेवतेस," तांडेल सावकाश म्हणाला. "आमच्या ताटात."

"भीमाबायच्या हातचं गेलं वर्षभर जेवते. जेवणातून, कपातून हे कुणाला होत नाही. तसं असतं तर मी आले असते का?"

भीमाबाय उठली. तिने रोहिणीचा रिकामा कप उचलला, विसळला नाही, किटलीतला उरलेला चहा त्यात ओतला आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. "पी," म्हणाली.

त्याने कपाकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि एका घोटात कप रिकामा केला. खलाशी चहा असाच पितात, हे मला तेव्हा कळले. डुलत्या बोटीवर सांडायच्या आत प्यावा लागतो.

"आणि कुणाच्यात निघालं तर?" रोहिणीने विचारले. "बोटीवरून उतरवाल त्याला?"

"उतरवला तर ही मला घरातना उतरवंल," तो म्हणाला. भीमाबाय मासळी निवडत राहिली, पण तिला ते आवडले हे दिसत होते. मग तो उठता उठता म्हणाला, "उद्या समदी बोट येल. आला तर समदा येल, नायतर कोन नाय. आमच्यात असाच असतंय."

परतताना मी खुशीत होते. रोहिणी नव्हती. "उद्या सगळे ओट्यावर बसणार," ती म्हणाली. "एकेक आत जाणार, बाकीचे बाहेर बसून बघणार. एक रेघ आली तर माणूस पटकन मोकळा होतो. दोन आल्या तर मला त्याच्याशी बोलायला वेळ लागतो. कोण जास्त वेळ आत राहिला, हे सगळ्या बोटीला दिसेल. सगळी बोट आली म्हणून जे झाकलं जाणार, ते सगळी बोट बसली म्हणूनच उघडं पडणार."

मी म्हटले, "सगळ्यांनाच सारखा वेळ बसव. आमच्याकडे पाहुण्यापुढे चहा ठेवला की तो संपेपर्यंत तो उठत नाही. मी चहा करते, तू प्रत्येकाला आत चहा दे."

कल्पना चांगली होती. खलाशांचा तो एक घोट तेवढा मी विसरले होते.

सकाळी जाळी ठेवायच्या खोलीत टेबल मांडले. मी मागच्या चुलीवर आले घालून चहा उकळला. पहिला खलाशी आत गेला, त्याचे बोट टोचले गेले, मी त्याला वाफाळता चहा दिला, आणि मी पाठ वळवायच्या आत तो रिकामा कप माझ्या हातात देऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसलासुद्धा. पट्टीवर अजून एकही रेघ उमटली नव्हती. रोहिणीला दारात जाऊन त्याला परत बोलवावे लागले.

"चहा पिऊन पळालास? चल आत, अजून व्हायचंय."

"काय गो, नापास झाला का तो?" ओट्यावरून कुणीतरी ओरडले, आणि हसे पिकले. त्यात कमा हसत नव्हता. तो उठून जाळ्याकडे निघाला होता.

भीमाबाय माझ्याशेजारी उभी राहून सगळे पाहत होती. तिला आम्ही काही सांगितले नव्हते, पण सांगायची गरजही नव्हती. तिने माझी किटली चुलीवरून उतरवली. "बाय, खलाशाला चहानं बसवतेस? त्याला चिंबोरी दे. चिंबोरी घाईत कुनी खाल्लेली मी बघितली नाय." आणि बाहेर जाऊन ती मोठ्याने म्हणाली, "कमा, कुठं चाललास? आज आत चिंबोऱ्या हायत. जो बोट टोचून घेल त्याला. तुला नको झाली तर तुझी मी खाईन."

कमा परत येऊन बसला.

भीमाबायने घरात होत्या तेवढ्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, रश्शात शिजवल्या. मग प्रत्येकाने टेबलावर बोट टोचून घ्यायचे आणि पडद्याआड जाऊन ताट घेऊन बसायचे, अशी पद्धत ठरली. नांगी फोडायची, पायांतले मांस कोरून काढायचे, चोखायचे. तेवढ्यात पट्टी आपले काम करायची आणि रोहिणीला बोलायला निवांत वेळ मिळायचा. ताट संपल्याशिवाय कुणी उठत नव्हते.

एक घोळ झालाच. चिंबोरी खायला बसलेल्या पहिल्या माणसाचे उजव्या हाताचे बोट टोचले होते, आणि भीमाबायचा रस्सा जळजळीत. तो आतून असा काही कळवळला, की ओट्यावरची माणसे उभी राहिली.

"सुई केवढी हाय गो तुझी?" बाहेरून प्रश्न आला.

"सुई नाय रे, मिरची हाय," आतला खलाशी ओरडला.

त्यानंतर सगळ्यांची डाव्या हाताची बोटे टोचली.

मी ताटे आत देत होते, रिकामी ताटे परत घेत होते. प्रत्येक ताटात कवचांचा ढीग. कमाचे ताट मी दिले तेव्हा त्याने वर पाहिले नाही. परत आलेली ताटे मी एकावर एक रचली. कुठले कुणाचे, ते मला कळले नाही, आणि मी जाणून घेतले नाही. सगळ्यांत शेवटी तांडेल आत गेला. त्याने दोन चिंबोऱ्या खाल्ल्या आणि बाहेर येऊन म्हणाला, "रोज तपासा."

रोहिणीने प्रत्येकाला शेवटी एकच वाक्य सांगितले होते: उद्या पालघरच्या सरकारी दवाखान्यात मी आहे, आलात तर छातीचा फोटोही काढून घेऊ. तांडेलाने ते ऐकून ओट्यावर जाहीर केले, की बोट एक दिवस थांबेल. जाळ्याची दोरी आणायचीच आहे, इंजिनाचे काम आहे, तेव्हा सगळेच पालघरला जाऊ.

दुपारी भीमाबायने आम्हाला जेवायला वाढले. चिंबोरीचा शेवटचा तुकडा तिने रोहिणीच्या ताटात टाकला, तर रोहिणीने हात आडवा धरला. "नको गं. आज पुरे झाल्या."

मी तिच्याकडे पाहिले. सकाळपासून तिला काही खाताना मी पाहिले नव्हते. चिंबोरी फोडायला तिला इतक्या वर्षांत जमलेले नाही, हे तिनेच मला सालवडला सांगितले होते. तिच्या अंगठ्यावर कवचाने ओढलेला ताजा ओरखडा होता. आत कुणाला तरी खाववले नव्हते, आणि ते ताट तिने रिकामे केले होते.

मी भात कालवला आणि जेवू लागले.

पालघर

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी पालघरहून होती. जिल्ह्याचे ठिकाण झाल्यापासून पालघरने नवी कचेरी, नवे रस्ते असे नवे कपडे चढवले आहेत, पण बाजारातली गल्ली जुन्याच अंगाची आहे. सामान घेऊन दवाखान्याजवळच्या एका छोट्या हॉटेलात शिरले, तर बाकावर हरेश्वर तांडेल.

"बस बाय," तो म्हणाला. "चहा सांगतो."

त्याच्याशेजारी दोनच खलाशी होते. समोर मात्र चहाचे बरेच कप भरून ठेवलेले, प्रत्येकावर बशी झाकलेली.

"बाकीचे?" मी विचारले, आणि विचारायला नको होते असे लगेच वाटले.

"एकाला दोरी आनायला धाडला. एक इंजिनाच्या सामानाला गेला. एक औषधाच्या दुकानात, आईच्या गुडघ्याला लावायचा हाय काहीतरी. एक मोबाईलवाल्याकडे." त्याने खिडकीतून रस्त्याकडे पाहिले. "समद्यांना कामा लावली. कोन कुठं गेला ते आता मला पन नीट आठवत नाय."

माझा चहा आला. मी तो जमेल तितका सावकाश प्यायले. गाडीला वेळ होता. नसता तरी मी बसले असते.

एकेक करून ते आले. घामेजलेले, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. दोरीचे भेंडोळे, कागदात गुंडाळलेला लोखंडी भाग, एक पिशवी, एक पुडके. जो येई तो बशी उचलून गार झालेला चहा एका घोटात संपवी. कमा आला तो खारी बिस्किटांचा पुडा घेऊन. त्याने पुडा फोडून सगळ्यांपुढे धरला, शेवटी माझ्यापुढे.

"बाय, कराडला समुद्र नाय ना?"

"नाही. नद्या आहेत, दोन. तिथेच मिळतात एकमेकींना."

"मंग येत जा इकडं."

मी खारी घेतली. त्याने कप उचलला. तो मात्र घोटात प्यायला नाही. दोन्ही हातांत धरून, थंड चहा, हळूहळू प्यायला. तांडेल खिडकीबाहेर पाहत बसला होता. उठायची घाई कुणीच केली नाही.

घरी

कराडला आल्यावर महिन्याभराने भीमाबायकडून सुक्या बोंबलांचे पार्सल आले. आमच्या जिन्यात तो वास तीन मजले चढला. वरच्या काकूंनी खाली येऊन गंभीरपणे विचारले, की गॅस गळतोय का. मी त्यांना बोलावून तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण वाढले. त्यानंतर त्या वासाबद्दल काही बोलल्या नाहीत, पुढचे पार्सल कधी येणार एवढेच विचारले.

रोहिणीला फोन करून पोच दिली. बोट कशी आहे म्हणून विचारले. कुणाचे नाव घेऊन विचारायचे नाही, हे आता मला कळत होते.

"बोट मस्त आहे," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन बोटी येणार आहेत तपासणीला. भीमाबाय म्हणते, एवढ्या चिंबोऱ्या कुठून आणू. आणि ताई, तांडेलाने बोटीवर एक नियम केलाय."

"कसला?"

"माझ्या गजराची वेळ विचारून घेतली त्याने. रोज त्या वेळेला बोटीवर घड्याळ वाजतं. मग हातातलं सगळं सोडायचं आणि सगळ्यांनी चहा प्यायचा. जाळ्यात मासळी असली तरी."

  मग फोनमध्येच तिचा गजर वाजला.

"ठेवते," ती म्हणाली. "चहा टाकलाय."

मी खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या घरांवरचे ऊन उतरले होते. तिकडे समुद्रातही आता कुणीतरी आधण ठेवले असेल. मी उठले आणि माझेही ठेवले.